स्ट्रायपर, बॅरोमीटर आणि वारा: न्यू जर्सीत नव्याने गरवायला जाणाऱ्यांसाठी

गेल्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी सकाळी साडेसहाला एडिसनहून फोन आला. आमच्या मंडळातला पोरगा, इकडे येऊन त्याला दोनच वर्षं झालीत.

"दादा, बॅरोमीटर पडतोय. रजा टाकू का?"

"वारा कुठून आहे?"

"ते नाही बघितलं."

"ओहोटी किती वाजता लागते?"

"ॲपमध्ये मासा हिरवा झालाय, दादा."

दाब बघून ॲप पडद्यावरचा मासा हिरवा करतो, म्हणजे आज मासा लागणार. या हिरव्या माशाच्या नादाने समुद्रावर जाऊन रिकाम्या हाताने परतलेली बरीच मंडळी मला माहीत आहेत. पहिली दोन वर्षं मीही त्यांच्यातच होतो. त्या पोराला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं, तेच इथे नीट क्रमाने लिहितो. सगळं न्यू जर्सीच्या किनाऱ्याबद्दल आहे, रॅरिटन बे आणि सँडी हूकपासून आयलंड बीच स्टेट पार्कपर्यंतचं, कारण मी तिथेच उभा राहतो. केप कॉडला किंवा चेसापीकला राहणाऱ्यांनी आपापल्या किनाऱ्याप्रमाणे दिशा बदलून घ्याव्यात.

आधी माशाची ओळख

स्ट्राइप्ड बास. इथे सगळे स्ट्रायपर म्हणतात, मेरिलँडकडे रॉकफिश. चंदेरी अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. आपल्या जिताड्यासारखाच खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यांत वावरणारा, खाडीच्या तोंडाशी दबा धरणारा आणि खायला बसला की आजूबाजूचं भान न ठेवणारा. अंडी घालायला वसंतात गोड्या पाण्यात चढतो: हडसन, डेलावेअर आणि चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या. ते झालं की उन्हाळ्यासाठी उत्तरेला न्यू इंग्लंडकडे आणि थंडी पडू लागली की परत दक्षिणेला. म्हणजे आपल्या दारावरून तो वर्षातून दोनदा जातो. मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत एकदा आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दुसऱ्यांदा.

पाण्याचं तापमान साधारण ५५ ते ६५ फॅरनहाइट, म्हणजे १३ ते १८ सेल्सियस असेल तेव्हा तो सर्वांत जोमाने खातो. त्याला अंधूक उजेडात भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. पुढे जे काही सांगणार आहे त्यातलं निम्मं या एका गोष्टीवर उभं आहे. ढग, फेस, किंचित गढूळ पाणी, पहाट, रात्र यांपैकी काहीही असलं की छोट्या माशाला हा दिसत नाही, याला मात्र तो दिसतो.

दाबाचं गणित एकदा करून टाका

बॅरोमीटरवर ज्यांची श्रद्धा आहे ते सांगतात की हवेचा दाब घसरला की माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला ते जाणवतं आणि मासा खायला सुटतो. ऐकायला पटतं. वहीवर गणित मांडलं की पटेनासं होतं.

एक मिलिबार हवेचा दाब म्हणजे एक सेंटिमीटर समुद्राच्या पाण्याचा दाब. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ मिलिबार, इथल्या अमेरिकी मापात २९.९२ इंच. चांगलं दणदणीत वादळ आलं आणि दाब १०२० वरून ९९० वर घसरला, तर फरक झाला ३० मिलिबार. पाण्याच्या हिशोबात ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतली एक पट्टी. आणि हे घडायला एखादा दिवस लागतो.

आता सँडी हूकची भरती घ्या. ओहोटीपासून भरतीपर्यंत पाणी सरासरी एक मीटर चाळीस सेंटिमीटर चढतं. तळाला बसलेल्या माशावर सहा तासांत सुमारे १४० मिलिबारांचा फरक पडतो, दिवसातून चार वेळा, चढता किंवा उतरता. शिवाय तोच मासा तीन मीटर खोलीवरून वरचा पॉपर, म्हणजे पाण्यावर ओढायचं नकली आमिष, पकडायला झेपावतो, तेव्हा काही सेकंदांत दोनशे-तीनशे मिलिबार ओलांडतो. अशा प्राण्याला वादळाची ती एक पट्टी कितीशी टोचणार?

मग बॅरोमीटर निरुपयोगी का? मुळीच नाही. मी रोज बघतो. फक्त तो काटा माझ्या लेखी निरोप्या आहे. दाब पडतोय म्हणजे वारा फिरणार, ढग येणार, लाट उठणार. माशाला फरक पडतो तो या तिघांमुळे. त्यामुळे दाब बघायचा तो ही तीन माणसं किती वाजता येतायत हे कळायला.

पायरी १: आकडे कुठून घ्यायचे

फोनमधल्या बॅरोमीटरवर विसंबू नका. तो तुम्ही जिथे बसलात तिथला दाब दाखवतो. दर आठ मीटर उंचीला साधारण एक मिलिबार कमी होतो, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरून तळघरात उतरलात तरी काटा हलतो. एका मित्राने ऑफिसच्या लिफ्टमधून मला 'दाब झपाट्याने पडतोय' असा मेसेज केला होता. तो वर निघाला होता.

त्यापेक्षा नोआचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या समुद्र-हवामान संस्थेचं, बोयांचं पान उघडा. स्टेशन ४४०६५ हा बोया न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाबाहेर समुद्रात तरंगतोय. उत्तर जर्सीसाठी मला तोच पुरतो. त्यावर एवढं बघायचं:

वाऱ्याची दिशा आणि वेग. इथे दिशा म्हणजे वारा *जिथून* येतो ती.

लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद. या सेकंदांकडे नवखे बघतच नाहीत. चार फुटांची लाट पाच सेकंदांनी येत असेल तर ती नुसती खळबळ. तीच चार फूट बारा सेकंदांनी येत असेल तर दूरच्या वादळाने पाठवलेली जड लाट, आणि ती दगडांवर चढते.

पाण्याचं तापमान. बोया किनाऱ्यापासून दूर आहे, त्यामुळे वाळूवरचं पाणी दोन-चार अंश वेगळं निघेल. आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते बघा.

दाब आणि त्याच्याखालचा तीन तासांतला बदल. तीन तासांत एक-दीड मिलिबार हलला तर सोडून द्या. तीन-साडेतीनच्या पुढे गेला की काहीतरी येतंय. सहाच्या पुढे गेला तर गळ घरी ठेवा आणि अंगणातल्या खुर्च्या आत घ्या. पानावर इंच दिसत असतील तर ०.१० इंच म्हणजे साडेतीन मिलिबारांच्या जवळपास, एवढं डोक्यात ठेवलं की झालं.

सोबत सँडी हूकचं भरती-ओहोटीचं कोष्टक. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती हे कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. फक्त कोष्टकातली वेळ त्या एका जागेची असते. खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा फिरतं.

पायरी २: कोकणातली दिशा विसरा

मी रेवदंड्याचा. लहानपणापासून डोक्यात एकच नकाशा: समुद्र पश्चिमेला. पश्चिमेचा वारा म्हणजे खारा वारा, तो जोरात सुटला की समुद्र खवळणार. पूर्वेचा तो मतलई, जमिनीवरून येणारा, पहाटे होड्या बाहेर न्यायच्या कामाचा.

न्यू जर्सीत समुद्र पूर्वेला आहे. हे वाक्य वाचायला हास्यास्पद वाटतं, पण मी पहिल्या वर्षी 'पश्चिमेचा वारा, २० नॉट' असं वाचून चार वेळा घरी बसलो. त्या चारही दिवशी पाणी थाळीसारखं सपाट असणार. इथे पश्चिम वारा मतलई आहे. लाटा दाबून टाकतो, पाणी निवळवतो आणि पाठीशी असल्याने गळ वीस-पंचवीस फूट जास्त लांब जातो. मस्त वाटतं, पण तीन-चार दिवस सलग पश्चिमच वाहिला की किनारा तळ्यासारखा होतो आणि दिवसाढवळ्या स्ट्रायपर वाळूजवळ फिरकत नाही.

पूर्व आणि ईशान्य हे इथले खारे वारे. लाटा उभ्या राहतात, वाळूच्या दांड्यावर फुटतात, फेस होतो आणि छोटी मासळी किनाऱ्याकडे रेटली जाते. दहा ते पंधरा नॉटचा ईशान्य वारा हा माझा लाडका. वीसच्या पुढे तुम्ही फेकलेलं तुमच्याच पायाशी येऊन पडतं आणि दोरीवर इतकं शेवाळ चढतं की रीळ गुंडाळताना भाजी निवडल्यासारखं होतं.

दक्षिण आणि नैर्ऋत्य वाऱ्याची एक गंमत आहे आणि ती ठाऊक नसली की उन्हाळ्यात डोकं चक्रावतं. जुलै महिना, बाहेर ९० फॅरनहाइट, तीन दिवस नैर्ऋत्य वारा सुटलेला, आणि समुद्रात पाय घातला तर बर्फ! पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं गरम पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून बाहेर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला तळाचं थंड पाणी वर येतं. दोन दिवसांत दहा अंशही उतरतं. वारा ईशान्येचा झाला की गरम पाणी परत. म्हणून 'बाहेर ऊन आहे तर पाणीही गरम असेल' हा अंदाज उन्हाळ्यात करू नका.

रॅरिटन बेची गोष्ट आणखी निराळी. कीपोर्ट, युनियन बीच, कीन्सबर्ग हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, तेव्हा तिथे दक्षिण वारा पाठीशी येतो. आणि जोराचा वायव्य वारा दिवसभर वाहिला तर उपसागरातलं पाणी समुद्रात ढकलून देतो. कोष्टकात ओहोटी जितकी लिहिली आहे त्यापेक्षा पाणी बरंच खाली जातं. त्या दिवशी गळ नेऊ नका, चप्पल घालून फिरायला जा. एरवी पाण्याखाली असलेले खड्डे, कालवांचे थर, ओहोळांच्या वाटा सगळं उघडं पडतं. फोटो काढून ठेवा. मासा याच वाटांनी आत-बाहेर करतो.

पायरी ३: थंड हवेची फळी येताना, आल्यावर, गेल्यावर

शरदातलं इथलं हवामान या फळ्यांवर चालतं. उत्तर-पश्चिमेकडून थंड हवेची फळी येते, निघून जाते, पाच-सात दिवसांनी पुढची येते. बातम्यांत ज्याला कोल्ड फ्रंट म्हणतात ती हीच.

येण्याआधी वारा दक्षिण किंवा आग्नेयेकडे झुकतो, हवा दमट होते, ढग दाटतात आणि दाब हळूहळू उतरतो. हे बारा-अठरा तास सोन्याचे. रजा टाकायची तर इथे.

दोन वर्षांपूर्वीची नोव्हेंबरातली एक दुपार सांगतो. आयलंड बीच. आग्नेय वारा, आकाश राखाडी, पाणी हिरवट. भरतीचे शेवटचे दोन तास. वाळूचा दांडा जिथे तुटतो तिथून लाट न फुटता आत येत होती, आणि त्या फटीच्या दोन्ही कडांना फेस. फेसाच्या कडेने पांढरा बकटेल (केसांचं नकली आमिष) ओढला तर तिसऱ्या फेकीला धक्का. चाळीस मिनिटांत तीन मासे, सगळे तीस इंचांच्या आसपास. मग वारा अचानक पडला. पूर्ण. पाचेक मिनिटं दोरी हातातून सैल लोंबत होती, आणि मागच्या झुडपांतून ओल्या मातीचा वास आला. पश्चिमेला ढगाची काळी कड दिसत होती. वायव्येचा पहिला झोत पाठीवर आदळला तेव्हा माझी टोपी समुद्रात गेली. त्यानंतर दीड तास उभा होतो. एक टोचही नाही.

फोनवर बघितलं तेव्हा दाब चढू लागला होता. ॲपच्या हिशोबाने 'दाब चढला म्हणून मासा बंद.' मला दिसलं ते असं: वारा फिरला, फेस विरला, ढग सरले, आणि तासाभरात ती फट साध्या पाण्यासारखी झाली. मासा तिथे थांबणार तरी कशासाठी?

फळी गेल्यावरचा दिवस म्हणजे निळंशार आकाश, कोरडी गार हवा, दाब १०२५ च्या वर. सहलीला झकास, गळाला वाईट. तरी जायचंच असेल तर सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर जा, खोल पाणी शोधा, आमिष लहान आणि चाल सावकाश ठेवा. आणि शरदात या नियमाला एक मोठा अपवाद आहे. पहिल्या थंड रात्रींनी आतल्या खाड्यांचं उथळ पाणी झटकन गार होतं, आणि तिथे उन्हाळाभर वाढलेली मासळी बाहेर पडते. सप्टेंबरात मलेट, म्हणजे आपली बोय. तिच्यामागोमाग ऑक्टोबरभर बोटाएवढे बंकर, हे तारलीच्या कुळातले. सगळी ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडातून समुद्रात उतरते आणि स्ट्रायपर तोंडाशी वाट बघत असतो. म्हणून फळी गेल्याच्या पहिल्या-दुसऱ्या रात्री, उतरत्या पाण्यावर, मॅनस्क्वान किंवा बार्नेगटसारख्या इनलेटवर जायचं. दाब तेव्हा चांगलाच वर असतो आणि मासा तरी लागतो.

पायरी ४: नॉरईस्टर, आणि तो ओसरल्यावरचे शिंपले

ईशान्येचं मोठं वादळ, नॉरईस्टर, हा इथल्या जुन्या गळवाल्यांचा श्रद्धेचा विषय. त्याला कारणही आहे. २१ सप्टेंबर १९८२ च्या रात्री अल मॅकरेनॉल्ड्स यांनी अटलांटिक सिटीत दगडी धक्क्यावरून, अशाच वादळात, ७८ पौंड ८ औंसांचा स्ट्रायपर काढला. तो विक्रम २०११ पर्यंत टिकला. मग कनेटिकटमध्ये ८१.८८ पौंडांचा निघाला. मॅकरेनॉल्ड्सची गोष्ट ऐकून दर वर्षी कोणीतरी वादळात धक्क्यावर चढतं. तुम्ही चढू नका. तो माणूस तिथेच वाढलेला होता, त्याला प्रत्येक दगड माहीत होता.

आपल्यासाठी वादळाचा खरा प्रसाद ते ओसरल्यावर मिळतो. वारा ईशान्येवरून वायव्य-पश्चिमेकडे फिरला, की लाट अजून मोठी असते पण पश्चिम वारा तिला दाबत असतो आणि पाणी कॉफीवरून हिरव्याकडे येऊ लागतं. त्या एक-दोन दिवसांत वाळूवर जा आणि गळ लावायच्या आधी भरतीच्या रेघेने चाला. फुटलेले मोठे शिंपले पडलेत का? बगळे-सीगल त्यातलं मांस टोचतायत का? हे सर्फ क्लॅम, आपल्या तिसऱ्यांची तळहाताएवढी थोराड बहीण. वादळाची लाट त्यांना वाळूतून उपटून आपटते, आणि फुटक्या शिंपल्यांचं मांस दांड्याच्या आतल्या पन्हळीत साचतं. स्ट्रायपर तिथे शब्दशः चरायला येतो. त्या दिवशी ३० डॉलरचा देखणा प्लग, म्हणजे नकली मासा, पिशवीतच राहू द्या.

दुकानातून ताजे क्लॅम घ्या, गोठवलेले चालतात पण लगदा होतात. आठ-शून्य मापाचा सरळ सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गळ. त्याच्या टोकावरून क्लॅमची कडक जीभ आधी ओवायची, मग मऊ भाग तिच्याभोवती गुंडाळायचा, आणि बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे सात-आठ वेढे. अळूवडीच्या उंड्याला बांधतो तसे, फार आवळून नाही. हुकाचं टोक उघडं राहिलं पाहिजे. चार ते सहा औंसांचं पिरॅमिड शिसं, दोरीवर सरकणारं. लांब फेकायच्या भरीला पडू नका. पन्हळ पुष्कळदा पंधरा-वीस मीटरवर असते. आणि सर्कल हुकला झटका द्यायचा नाही. काठी वाकून खाली गेली की नुसतं रीळ फिरवायचं. आपल्या हाताला झटक्याची सवय असते. ती मोडायला मला पूर्ण एक हंगाम लागला.

पायरी ५: वसंतात सगळं उलटं

वर सांगितलेलं ढगांचं कौतुक मार्च-एप्रिलमध्ये गुंडाळून ठेवा. तेव्हा पाणी फॅरनहाइटच्या चाळिशीत असतं, मासा सुस्त असतो, आणि त्याला हवी असते ऊब. रॅरिटन बेच्या आतल्या बाजूला उथळ चिखलाची सपाटी आहे. गडद चिखल ऊन पितो. दोन-तीन दिवस स्वच्छ ऊन आणि दक्षिणेचा हलका वारा मिळाला, दाब उंच आणि स्थिर असला, तर दुपारी तीन-चारनंतरच्या ओहोटीला त्या सपाटीवरून उतरणारं पाणी आजूबाजूपेक्षा तीन-चार अंश गरम असतं. मासा त्या उतारावर येऊन बसतो. ब्लडवर्म (समुद्री किडा) किंवा क्लॅम तळाला ठेवायचे आणि खुर्चीत बसून राहायचं. पहाटे चारला उठायची गरज नाही, जे मला वैयक्तिकरीत्या फार आवडतं.

म्हणजे शरदात ज्या हवेला मी 'गळाला वाईट' म्हटलं, तीच हवा एप्रिलमध्ये सर्वोत्तम. ॲपमधला मासा मात्र दोन्ही वेळेला एकाच नियमाने हिरवा-लाल होतो.

मे महिन्यात बंकरचे थवे आले, अंडी घालून परतलेले मोठे मासे त्यांच्यामागे आले, की हवामानाचं महत्त्व एकदम उतरतं. थवा जिथे, तिथे मासा.

पायरी ६: कधी जायचं नाही

इथे मी भित्रा आहे आणि त्याची लाज वाटत नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात एका दगडी धक्क्यावर उभा होतो. वारा नाही, ऊन पडलेलं, लाट तीन फूट. बोयावर बारा सेकंद लिहिलेलं होतं, वाचलंही होतं, अर्थ माहीत नव्हता. वीस मिनिटं सगळं शांत. मग लागोपाठ तीन लाटा अशा आल्या की तिसरी माझ्या कमरेपर्यंत होती. मी दगडाला मिठी मारली. बादली, पिशवी आणि बायकोने वाढदिवसाला दिलेलं रीळ डोळ्यांदेखत दगडांच्या फटीत गेलं. शेजारच्या एका म्हाताऱ्या पोर्तुगीज काकांनी काही न बोलता माझी कॉलर धरून मला मागे आणलं.

तेव्हा: धक्क्यावर चढण्यापूर्वी पंधरा मिनिटं कोरड्या जागेवरून बघा. एकदाही पाणी माथ्यावरून गेलं तर चढायचं नाही. दोन लाटांमध्ये दहा सेकंदांहून जास्त असतील तर वाळूवरूनच गरवा. बुटाला खिळ्यांचे तळवे, वेडरला (छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीला) घट्ट पट्टा, अंगात फुगणारं जॅकेट, आणि रात्री एकटं नाही.

गडगडाट ऐकू आला की गाडीत. आपली काठी ग्रॅफाइटची, दहा फूट उंच, आणि सपाट किनाऱ्यावर सगळ्यांत उंच वस्तू तीच असते. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं आत बसायचं. मासा तोंडाशी आला असला तरी.

छोटी बोट असेल आणि हवामान खात्याने स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी लावली असेल तर विषय संपला. ती साधारण २५ नॉट वारा किंवा पाच फुटी लाटेला लागते.

पायरी ७: नियम, थोडक्यात

न्यू जर्सीत समुद्रातल्या गळासाठी १६ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या व्यक्तीला फुकट नोंदणी लागते, दर वर्षी नव्याने. स्ट्रायपर माणशी दिवसाला एक, आणि २०२३ पासून २८ ते ३१ इंचांमधलाच. त्याहून मोठा असला तरी परत. नैसर्गिक आमिषाला सर्कल हुक सक्तीचा. जानेवारी-फेब्रुवारीत खाड्या आणि नद्या बंद. हे आकडे बदलत राहतात, म्हणून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफचं पान उघडून बघा. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र ग्राह्य धरू नका. खाण्याबद्दलही राज्याची सूचना आहे, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी. ती वाचून मगच कालवणाचा बेत करा.

हवामानाशी जोडलेला एक नियम मात्र कायद्यात नाही, माझा आहे: पाणी ७० फॅरनहाइटच्या वर गेलं की मी स्ट्रायपरच्या मागे जात नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो, झुंज देऊन दमलेला मासा सोडला तरी सावरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लूक आहे, किंगफिश आहे. त्यांना पकडा.

पायरी ८: वही

ॲपचा मासा काढून टाका आणि शंभर पानी वही घ्या. प्रत्येक फेरीला एक ओळ, मासा न लागलेल्या फेरीलाही. तारीख, जागा, वारा, ढग, लाटेची उंची आणि सेकंद, पाण्याचं तापमान आणि रंग, भरतीचा कितवा तास, दाब आणि त्याची चाल, काय टाकलं, काय लागलं. दाबाचा रकाना ठेवाच. तीन हंगामांनंतर तोच रकाना वाऱ्याच्या रकान्याशेजारी ठेवून बघा.

त्या शुक्रवारी पोराला मी रजा टाकू नको म्हणालो. दाब पडत होता, पण फळी रात्री उशिरा पोचणार होती आणि तोवर ढग नाहीत, लाट नाही, नुसता दक्षिण वारा, वर भांगाची भरती. मी 'शनिवारी रात्री, ओहोटीला, इनलेटवर' असं सांगितलं. तो गेला, मीही गेलो. माझ्या वहीतली ओळ अशी आहे: 'वायव्य १५, आकाश स्वच्छ, दाब १०२६ चढता, पाणी ५९, ओहोटीचा तिसरा तास. बोय भरपूर. मला शून्य. पोराला एक, २९ इंच.'